घरच्या आंबवलेल्या पेयांची बाटली-अदलाबदल : कोणता प्रकार निवडावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपल्या गटाच्या परभणीतल्या हिवाळी अदलाबदल-बैठकीची तारीख ठरली की तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. नव्या सभासदांनी गॅसचं आणि बाटलीचं उत्तर शेवटपर्यंत वाचावं. बाकीचं चाळलं तरी चालेल.

अदलाबदल म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रत्येकाने घरी एकच पेय बनवायचं आणि जितके जण भाग घेणार तितक्या बाटल्या आणायच्या. जाताना प्रत्येकाची एक-एक बाटली घेऊन जायची. बाटली ३०० ते ५०० मिलीची पुरते. पैशांचा व्यवहार नाही. विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षा नोंदणी आली आणि ते आपल्या गटाचं काम नाही.

बिअर का नाही? संभाजीनगर तर बिअरचंच गाव आहे.

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि बहुतेक वेळा वाळूजच्या सभासदांकडून येतो. वाळूज परिसरात बिअरचे मोठे कारखाने आहेत हे खरं. पण कारखान्याकडे परवाना आहे, आपल्या स्वयंपाकघराकडे नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. ‘थोडीशीच केली’, ‘घरच्यापुरती केली’ असली सवलत त्यात नाही. परदेशातले हौशी लोक गॅरेजमध्ये बिअर करतात आणि एकमेकांना बाटल्या देतात, ते व्हिडिओ आम्हीही आवडीने पाहतो. त्यांच्याकडे कायदा वेगळा आहे.

म्हणून आपण जिंजर बिअर (आल्याचं फसफसतं पेय, नावापुरतीच बिअर), कांजी (गाजर-बीटाचं आंबवलेलं पाणी), कोम्बुचा (आंबवलेला गोड चहा), अंबाडीचा सोडा, आंबील असल्या पेयांपुरतेच राहतो. यांतही थोडं अल्कोहोल तयार होऊ शकतं. ते का आणि किती, हे खाली गॅसच्या प्रश्नात आहे.

मग बिअरच्या शैलींची माहिती आपल्याला काहीच कामाची नाही का?

आहे, आणि बरीच आहे. आंबटपणा, मसाला आणि फेस यांचा मेळ कसा घालायचा याचा कित्येक पिढ्यांचा अनुभव त्या शैलींमध्ये साठलेला आहे. जर्मनीत गोस्लार आणि लाइपझिग या गावांशी जोडलेली ‘गोझ’ नावाची गव्हाची बिअर असते. ती आंबट असते आणि तिच्यात मीठ आणि धने घालतात. मीठ, धने आणि आंबटपणा हे आपल्या मसाला ताकापासून फार लांब नाही. भरडलेले धने आणि चिमूटभर मीठ घातलेला लिंबाचा सोडा आणला तर त्याला वेगळा भाव मिळतो. बेल्जियमच्या ‘विट’मध्ये धने आणि संत्र्याची साल असते, ती जोडी आल्याबरोबरही छान जमते. बर्लिनची आंबट ‘वाइसे’ फळांचं सिरप घालून पितात. फार आंबट झालेल्या कोम्बुचाला तोच उपाय लागू पडतो, फक्त सिरप पिताना घालायचं, बाटलीत नाही.

‘स्टाउट’ची, म्हणजे काळ्या कडसर बिअरची, आवड असणाऱ्यांनी ज्वारी चांगली काळपट भाजून, भरडून, तिचा काढा कोम्बुचाच्या चहात मिसळून पाहावा. कॉफीसारखा कडसरपणा येतो. ‘आयपीए’ या हॉप्सच्या कडू बिअरचा नाद मात्र सोडा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, इथे बाजारात मिळत नाहीत, आणि ऑनलाइन मागवलेले उन्हात फिरून येतात तेव्हा त्यांना जुन्या चीजसारखा वास आलेला असतो.

मी पहिल्यांदाच भाग घेतोय. काय निवडू?

कांजी. मिठाच्या पाण्यात आंबते, साखर घालावी लागत नाही, गॅस बेताचा होतो आणि एस.टी.च्या रॅकवर ठेवली तरी आपल्यावर किंवा शेजारच्यावर उडत नाही.

एक लिटर पाण्याला पाव किलो गाजर-बीट, १५ ते २० ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे भरडलेली मोहरी आणि चवीपुरतं तिखट. उत्तरेत कांजीला काळी गाजरं घेतात. ती आपल्याकडे सहजी मिळत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यातली लाल गाजरं आणि रंगाला अर्धं बीट. काचेच्या बरणीत भरून वर फडकं बांधा, दिवसा उन्हात ठेवा, रोज लाकडी चमच्याने हलवा. परभणीच्या डिसेंबरात पाच-सहा दिवस लागतात, मार्चमध्ये तीन. जिभेला आंबट लागली की गाळून बाटलीत आणि बाटली फ्रीजमध्ये.

मोहरीचा झणका पहिल्या दिवशी नाकात जातो. घाबरून मोहरी कमी करू नका, आंबटपणा चढेल तसा तो उतरतो.

जिंजर बिअर आणायची आहे. सगळेच आणतात म्हणून नको म्हणता का?

नको म्हणत नाही, पण ती सांभाळायला सगळ्यांत अवघड आहे आणि सगळ्यांना सगळ्यांत सोपी वाटते. यूट्यूबवर तीन मिनिटांत होते ना!

आधी विरजण. बरणीत क्लोरीन नसलेलं पाणी, किसलेलं आलं आणि साखर घ्यायची आणि रोज एक-एक चमचा आलं-साखर घालत राहायची. आलं सालासकट घ्या, नुसतं धुवा. साल खरवडलीत तर तिच्यावरचं यीस्टही गेलं. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री या पट्ट्यात आलं भरपूर पिकतं, तिथलं मातीचं ताजं आलं मिळालं तर बाजारातल्या धुऊन चकचकीत केलेल्या आल्यापेक्षा विरजण लवकर धरतं. उन्हाळ्यात दोन दिवसांत बुडबुडे दिसतात, थंडीत आठवडा लागू शकतो. बरणी ढवळली की फसफस ऐकू आली पाहिजे.

मग पेय. एक लिटरला ५० ग्रॅम आलं पाण्यात उकळायचं, ६० ते ८० ग्रॅम साखर किंवा गूळ घालायचा, पूर्ण गार झालं की एका लिंबाचा रस आणि अर्धी वाटी गाळलेलं विरजण. कोमट असताना विरजण घातलं तर काही वेळा चालून जातं, कडकडीत असताना घातलं तर विरजण मेलं.

गूळ घ्यायचा तर काळसर घ्या. पिवळाधमक दिसावा म्हणून गुळाला हायड्रोस पावडर मारतात. त्यातल्या गंधकाने यीस्ट मंदावतं आणि बाटली उघडल्यावर काडीपेटीसारखा वास येतो. लातूरकडच्या काही गुऱ्हाळांवर विनापावडरचा गूळ सांगून ठेवला की मिळतो. त्याची जिंजर बिअर रंगाने गढूळ दिसते, चवीला साखरेच्या दुप्पट चांगली लागते. माझं मत विचाराल तर गटात येणाऱ्या निम्म्या बाटल्यांचं दुखणं पांढरी साखर हेच आहे. चव सपाट होते.

वसमतची ताजी हळद किसून घातलीत तर रंग सुरेख येतो. पण नखाएवढीच घाला. जास्त झाली की औषध पितोय असं वाटतं.

बाटलीत गॅस किती धरायचा? आणि अल्कोहोल किती होतं?

हे दोन प्रश्न एकच आहेत. यीस्ट साखर खातं तेव्हा वजनाने जवळपास निम्म्या साखरेचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि निम्मीचं अल्कोहोल. एक तयार होतं आणि दुसरं होत नाही, असं यीस्टच्या बाबतीत घडत नाही.

आता हिशोब करू. एक लिटरमधली सुमारे ८ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली, तर साधारण ४ ग्रॅम गॅस बनतो. एवढा गॅस म्हणजे बिअरपेक्षा थोडा कमी, पण जिभेला व्यवस्थित टोचणारा. त्याच वेळी अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास पोचलेलं असतं. अन्नसुरक्षेच्या २०१८च्या नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं आहे. थोडक्यात, पेय छान फसफसायला लागलं की आपण त्या रेषेवर येऊन उभे असतो.

बाटलीत मात्र ८ ग्रॅम नाही, ६०-८० ग्रॅम साखर आहे. ती बाहेर राहिली तर यीस्ट थांबत नाही. लिटरला १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर ६ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल होतं, म्हणजे सरळ बिअर झाली. आणि बंद बाटलीत एवढी साखर आंबायच्या खूप आधी बाटली फुटते.

म्हणून आपला नियम असा : विरजण घातल्यावर थेट बाटलीत भरायचं, आधी दोन-तीन दिवस उघडं आंबवत बसायचं नाही. बाटली दाबून टणक लागली की लगेच फ्रीज. फ्रीजमध्येही यीस्ट मरत नाही, पेंगतं. लोडशेडिंगमध्ये चार-पाच तास फ्रीज बंद राहिला तर ते परत जागं होतं, हे विसरू नका.

दाबून बघायचं म्हणजे? काचेची बाटली कशी दाबणार?

दाबता येत नाही म्हणूनच प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लास्टिकची भरायची. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या, पाण्याची नको. कोल्ड्रिंकची बाटली गॅस धरायलाच बनवलेली असते, तिचा बूड पाच पाकळ्यांचा असतो. पाण्याची बाटली पातळ असते आणि फुगून लोळते. प्लास्टिकची टणक झाली की काचेच्याही तयार झाल्या असं समजून सगळ्या एकदम फ्रीजमध्ये.

काचेत भरायचं असेल तर बिअरची जाड बाटली किंवा तारेच्या बुचाची बाटली चालते. सॉसची, सरबताची, मधाची, चौकोनी शोभेची अशी कोणतीही बाटली गॅसच्या पेयाला चालत नाही. चौकोनी बाटलीचे कोपरे आधी जातात. कांजीला मात्र यातली कोणतीही घ्या.

गोटी सोड्याची बाटली वापरू का, असंही विचारलं जातं. दिसायला फार छान. आतल्या दाबानेच गोटी वर रबराच्या कड्याला चिकटून बसते, हायरम कॉड या इंग्रजाची ती युक्ती आहे. पण ती मशीनवर उलटी करून भरतात. घरी यीस्टने गॅस करायचा तर सुरुवातीला दाबच नसतो, मग गोटी वर जाणार कशी? शोकेसमध्ये ठेवा.

अदलाबदल हिवाळ्यातच का? उन्हाळ्यात तर गार पेयाची खरी गरज असते.

गरज असते, बाटली टिकत नाही. परभणी, नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४४ पर्यंत जातो, बंद गाडीत त्याहून बराच जास्त. चार अंशाच्या पाण्यात जितका कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच चाळीस अंशाला राहतो. उरलेला वर येऊन झाकणावर दाब देतो. शिवाय त्या उन्हात यीस्ट झपाट्याने नवीन गॅस बनवत असतं. दोन्ही बाजूंनी मार.

मार्गशीर्षात परभणीला कडाक्याची थंडी पडते. रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की बाटली रेल्वेने आली काय आणि एस.टी.ने आली काय, फारसा फरक पडत नाही. संभाजीनगर, जालन्याचे सभासद तपोवन एक्स्प्रेसने येतात, लातूरचे बसने. जंक्शन म्हणून परभणी सोयीची आहे, बाकी काही राजकारण नाही.

तरीही कुणाला उन्हाळ्यात आपल्याच गावात दोन-चार घरांची छोटी अदलाबदल करायची असेल तर जरूर करा. फक्त कांजी, आणि त्याच दिवशी संपवायची आंबील. काचेत गॅसचं पेय एप्रिल ते जून कुणीही कुणाला द्यायचं नाही, हा गटातला एकमेव नियम आहे ज्यावर चर्चा होत नाही.

आंबील चालते का? ती तर बाटलीतलं पेय नाही.

चालते, आणि माझ्या लेखी ती यादीत पहिली पाहिजे. लातूर-धाराशिवकडे येळवसला (वेळ अमावास्येला) शेतात आंबिलीशिवाय पान हलत नाही. भज्जी, बाजरीचे उंडे, आणि माठातली गार आंबील. ज्याने हे शेतात बसून खाल्लं आहे त्याला कोम्बुचाचं कौतुक सांगायला जाऊ नये. इतर जिल्ह्यांत महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील असते, ती थोडी वेगळी. घराघरांत पद्धत बदलते, आणि म्हणूनच अदलाबदलीत तिला खरी मजा आहे. तीन घरच्या तीन आंबिली शेजारी ठेवून चाखल्या तर लसूण, ताकाचा आंबटपणा आणि दळणाचा जाड-बारीकपणा कळतो.

अडचण अशी की शिजवलेली आंबील लवकर उतरते. थंडीतसुद्धा एका दिवसाच्या वर बाहेर नको. म्हणून ती सकाळी करून आणायची, रुंद तोंडाच्या बाटलीत, आणि तिथेच वाटायची. घरी न्यायची असेल तर शिजवायच्या आधीचं आंबवलेलं पीठ न्यावं. ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ डब्यात घालून दिलं की घेणारा आपल्या घरी शिजवून घेतो. डबा पाऊणच भरा, रात्रीत वर चढतं.

ज्वारी कोणती? जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती मिळाली तर उत्तम. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ रब्बीत बऱ्याच जणांकडे असते, तिचं पीठ पांढरं आणि गोडसर. किराणा दुकानातलं तयार पीठ जुनं असेल तर आंबील कडवट होते.

शिळ्या भाकरीचा क्वास करता येईल का?

रशियात राईच्या ब्रेडचा करतात ते वाचून हे सुचतं. चव येईल, पण जोर भाकरीचा नसेल, गुळाचा असेल. यीस्टला स्टार्च खाता येत नाही. धान्य मोड आणून वाळवलं म्हणजे त्यातली विकरं स्टार्चची साखर करतात, भाजलेल्या भाकरीत ती उरलेली नसतात. खमंग वासासाठी करून पाहा, लिटरला ३०-४० ग्रॅम गूळ घाला. अदलाबदलीत आणायच्या आधी घरच्यांना पाजून बघा.

कोम्बुचाबद्दल थोडक्यात?

लिटरला दोन-तीन चमचे चहा पावडर, ७० ते ८० ग्रॅम साखर, आधीच्या घाण्यातलं आंबट पाणी किमान एक वाटी आणि कोम्बुचावर धरते ती जाड साय (स्कोबी). आंबट पाणी कमी घातलं की बुरशी धरते, सायीचा आकार कितीही मोठा असो. काच किंवा चिनीमाती. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम नको, आंबट पेयात धातू उतरतो. कोम्बुचाला २५-२८ अंश मानवतात, त्यामुळे ऑक्टोबर आणि फेब्रुवारी आपल्याकडे सगळ्यांत चांगले. डिसेंबरच्या बैठकीसाठी बनवताना दिवाळीनंतर लगेच लावा, थंडीत फार रेंगाळतो.

साय मागायची असेल तर गटात नुसतं सांगा. कुणीही देईल, उलट घ्यायला कोणी मिळत नाही ही सगळ्यांची तक्रार आहे.

आपल्याकडची फळं वापरायची आहेत. कोणती चालतात?

अंबाडीची लाल बोंडं सगळ्यांत वरची. हिवाळ्यात ताजी असतात, वाळवून वर्षभर ठेवता येतात. रंग लालबुंद, आंबटपणा मूळचाच. आल्याच्या विरजणाबरोबर हा सोडा कधी फसलेला पाहिला नाही. भाजीची पानं देणारी अंबाडी सगळ्यांना माहीत असते, बोंडांसाठी गावाकडे सांगून ठेवावं लागतं.

चिंचही चांगली. पानचिंचोलीची चिंच मिळाली तर गूळ कमी लागतो. चिंचेचा कोळ गाळून घ्या, चोथा राहिला तर उघडताना कारंजं उडतं. गर असलेलं कोणतंही पेय तसंच वागतं, कारण गॅसला बुडबुडे धरायला कणाकणावर जागा मिळते. केशर आंब्याचा रस घालणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आंब्यात साखरही पुष्कळ.

जालन्याच्या मोसंबीचा मोह सगळ्यांना होतो. ताजी पिळून प्या, बाटलीत भरू नका. मोसंबीचा रस काही तास ठेवला की त्यात कडवटपणा उतरत जातो, आंबवल्याने तो जात नाही. सुवास हवा असेल तर वरची पिवळट साल किसून घाला, पांढरा भाग येऊ न देता.

सीताफळ नको. बीडच्या मंडळींची माफी मागून सांगतो, बालाघाटाच्या सीताफळाइतकं गोड फळ नाही, पण ते रबडीत घाला. आंबवल्यावर रंग, पोत आणि वास तिन्ही जातात.

पाणी कोणतं?

बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं, चहावर साय येते तेवढं जड असेल तर कोम्बुचाला नको. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उकळून गार करा किंवा रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा. जारचं आरओ पाणी सरसकट चालतं. टँकरच्या दिवसांत बाटल्या पाच-पाच वेळा विसळत बसू नका, एकदा साबणाने, दोनदा साध्या पाण्याने आणि शेवटी उकळतं पाणी फिरवलं की पुरे. काच आधी कोमट करून घ्या, नाहीतर तडकते.

दुष्काळात अशी पेयं करावीत का, असा एक प्रश्न एकाने विचारला होता आणि तो फिजूल नाही. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात लावली. त्या मानाने आपला घाणा पाच लिटरचा, आणि ते पाणी पिण्यातच जातं. तरीही ज्या गावात आठवड्याला एकदा पाणी येतं तिथल्या सभासदांनी कांजीच करावी. बरण्या कमी, धुणं कमी.

सगळ्यांनी एकच प्रकार आणला तर?

नाव देताना प्रकारही सांगायचा. एका प्रकाराच्या तीन बाटल्या झाल्या की चौथ्याला दुसरं काही सुचवतो. तरीही ज्याला आल्याचंच करायचं आहे त्याने काहीतरी फिरवावं : अंबाडी, धने, ओवा, गवती चहा. वेलदोडा मात्र जपून. आंबवलेल्या पेयात तो पार्टीच्या सरबतासारखा लागतो.

आमच्या घरी दारू वर्ज्य आहे. हे चालेल का? मुलांचं काय?

जिंजर बिअर आणि कोम्बुचाला ‘शून्य टक्के’ म्हणता येत नाही, वर हिशोब दिला आहे. गटात दारू निषिद्ध मानणारी घरं आहेत. त्यांतली काही फक्त कांजी आणि आंबील घेतात, काहीजण सगळं घेतात. ज्याने त्याने ठरवावं, कुणी कुणाला ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणायचं नाही. लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी आहे त्यांना कच्चं आंबवलेलं पेय देऊ नका. मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की यीस्टने साखर फारशी खाल्लेली नसते. कांजीत साखर कमी, पण मीठ आहे, रक्तदाबवाल्यांनी बेताने. जैन सभासदांसाठी आलं-गाजराशिवायची एखादी बाटली आणावी असं वाटत असेल तर आधी त्यांना विचारा, काहींना आंबवलेलंच चालत नाही.

बाटलीवर काय लिहायचं?

पेयाचं नाव, बाटली भरल्याची तारीख, साखर की गूळ आणि किती, मोहरी किंवा ताक आहे का, आणि ‘फ्रीजमध्ये ठेवा’. गॅसचं असेल तर ‘मोरीत धरून उघडा’. कागदावर शाईच्या पेनाने लिहिलेलं फ्रीजच्या ओलाव्यात टिकत नाही. पेन्सिल टिकते.

बिघडलंय हे कसं ओळखायचं?

वर केसाळ हिरवी, काळी, पांढरी बुरशी दिसली की सगळं ओतून टाका, वरचं काढून खालचं पिऊ नका. सपाट पांढरी सुरकुतलेली पापुद्री कांजीवर येते ती बहुधा बुरशी नसते, पण चव मातकट करते. व्हिनेगरचा वास म्हणजे हवा जास्त लागली. नेलपॉलिशचा वास म्हणजे उकाड्यात यीस्ट दमलं. सडक्या अंड्याचा हलका वास नव्या जिंजर बिअरला येतो आणि बऱ्याचदा उडून जातो; नाही गेला तर टाका.

माझा घाणाच फसला, आता बैठकीला काय आणू?

रिकाम्या हाताने या. चाखायला माणसं लागतातच. आदल्या दिवशी घाईत बाटलीत सोडा भरून आणू नका, पहिल्या घोटात कळतं.

दुसऱ्याच्या बाटलीबद्दल काय सांगायचं?

‘मस्त आहे’ याने कुणाला काही मिळत नाही. गोड किती, आंबट किती, गॅस किती, वास कसा आणि गिळल्यावर मागे काय उरतं, एवढं सांगा. वाईट लागलं तर तेही सांगा, पण ज्याने बनवलं त्यालाच, सगळ्यांसमोर नाही. आणि बाटली किती दिवसांनी उघडली ते सांगायला विसरू नका. चार दिवसांनी उघडलेली आणि तीन आठवड्यांनी उघडलेली जिंजर बिअर ही दोन वेगळी पेयं असतात.

रिकाम्या बाटल्या परत द्यायच्या का?

तारेच्या बुचाच्या द्याच, त्या महाग पडतात आणि त्यांची रबरं वेगळी मिळायला त्रास होतो. बिअरच्या जाड बाटल्या परत दिल्या तर बरं, नाही दिल्या तरी भंगारवाल्याकडे मिळतात, फक्त चिरलेली कड हाताने चाचपून घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या दोन-तीनदा वापरून टाकून द्या. परत देताना धुऊन, झाकण उघडं ठेवून द्या.